गिळणे, उगाळणे आणि दळणे

दसरा-दिवाळी उलटली की धारूरच्या बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. असे कोयते भरून ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. काही मागे राहतात, आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने. मागे राहिलेल्या एखाद्या मुलाला वर्गात विचारून पाहा, “आईची आठवण येते का रे?” पुष्कळदा उत्तर येते, “नाही गुरुजी.” आणि तो फळ्याकडे पाहू लागतो.

मुलगा खोटारडा नाही. त्याने एक सवय लावून घेतली आहे, आवंढा गिळण्याची. दुःखाशी वागण्याच्या अशा सवयींना आपल्या भाषेत नेमके शब्द आहेत. कुणी दुःख गिळतो. कुणी ते उगाळत बसतो. कुणी आदळआपट करून ते दुसऱ्यावर काढतो. तिन्ही सवयी आपण घराघरांत पाहतो, शिक्षकांच्या खोलीतही पाहतो.

पण याच मुलाच्या पणजीकडे एक चौथी रीतही होती. ती पहाटे उठून जात्यावर बसायची आणि गायची. त्या गाण्याला आपण ‘ओवी’ म्हणतो आणि तिचे कौतुक करतो ते साहित्य म्हणून. या लेखात ओवीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायचे आहे: दुःखाशी वागण्याची एक सवय म्हणून. ती कशी घडली, तिने काय साधले, आणि ती गेल्यावर तिची जागा कशाने भरली?

नऊशे वर्षांची रीत

ओवीचा एक जुना उल्लेख सापडतो तो एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात आहे. गाण्यांच्या प्रकारांची नोंद करताना सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही ओवी ही बायकांची होती आणि कष्टाच्या कामाला बांधलेली होती. ज्ञानेश्वरी ओवीत लिहिली गेली ती त्यानंतर दीडेकशे वर्षांनी.

पुढे चौदाव्या शतकात आपल्याला जनाबाई भेटते. तिचे गाव गंगाखेड, म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातले. लहानपणीच आईबापांपासून दूर झालेली ही मुलगी पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. तिच्या नावावरच्या अभंगांमध्ये विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, तिची कामे उरकू लागतो. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. एकटेपण असह्य झालेल्या एका बाईने ते एकटेपण गिळले नाही, नुसते आळवत बसलीही नाही. तिने त्यातून एक सोबती उभा केला आणि त्याच्याशी बोलली.

अगदी अलीकडचे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे (१८८०-१९५१). जळगावजवळच्या आसोद्याची ही मुलगी कधी शाळेत गेली नाही. तरुणपणीच वैधव्य आले, पदरी मुले होती, शेती होती. कामाच्या तालावर त्या गाणी रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातली काही टिपून ठेवली. १९५२ साली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांच्या गाण्यांत वैधव्याचे दुःख आहे, पण त्या दुःखात बुडून गेलेली बाई मात्र तिथे नाही. असे का, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे.

तीन सवयी, प्रयोगाच्या कसोटीवर

यासाठी थोडे मानसशास्त्राकडे वळू. गिळणे, उगाळणे आणि आदळआपट या तिन्ही सवयींवर गेल्या चाळीस वर्षांत बरेच प्रयोग झाले आहेत.

आधी गिळणे. १९९७ साली अमेरिकेतल्या जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८० विद्यार्थिनींना काही चित्रफिती दाखवल्या. त्यांतली एक दुःखद होती. काहींना सांगितले होते की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. त्यांनी ते जमवले. पण आतले दुःख त्यामुळे कमी झाले नाही, उलट शरीरावरचा ताण वाढल्याचे दिसले. जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांचे २००० सालचे प्रयोग तर शिक्षकांनी ध्यानात ठेवावेत असे आहेत. भावना दाबून बसलेल्यांना त्या वेळात दिलेली माहिती कमी आठवली. दाबणे हेही एक काम आहे, आणि त्यात लक्ष खर्च होते. फळ्याकडे पाहणारा आपला मुलगा फळ्यावरचे वाचत असेलच असे नाही.

आता उगाळणे. सुसान नोलेन-होक्सेमा या संशोधिकेने स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची एक पाहणी केली होती. उदास वाटले की तुम्ही काय करता, असे त्यात विचारले होते. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्याच भागात मोठा भूकंप झाला. तिने त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठले. ज्यांना आधीपासून ‘माझेच असे का होते’ हे मनात घोळवत बसण्याची सवय होती, ते भूकंपानंतर सात आठवडे झाले तरी इतरांपेक्षा अधिक खिन्न होते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या मराठवाड्याला हा निष्कर्ष परका वाटू नये.

उरली आदळआपट. ‘मनातले एकदा बाहेर काढून टाकले की मोकळे वाटते’ असे आपण सहज म्हणतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सुमारे ६०० विद्यार्थ्यांवर हे तपासले. आधी त्यांना चिडवले. मग काहींना, ज्याचा राग आला त्याला डोळ्यांसमोर आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक निघाले. नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

म्हणजे दाबणे वाईट, घोळवणे वाईट, आणि नुसते ओकून टाकणेही वाईट. मग माणसाने करायचे काय? याचे एक उत्तर १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या प्रयोगातून पुढे आले. त्यांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी. लिहून उठल्यावर क्लेशाविषयी लिहिणारे अधिकच उदास होते. मात्र पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही मांडल्या, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नुसत्या घटना किंवा नुसत्या भावना लिहिणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही. पुढे असे शेकडो अभ्यास झाले. त्यांतल्या १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली निघाला. त्यावरून दिसले की लाभ खरा आहे, पण लहान आहे. लिहिणे ही जादू नाही. पण मनातल्या गोळ्याला आकार देणे आणि तो नुसताच बाहेर फेकणे, यांत फरक आहे एवढे नक्की.

जाते काय करत होते?

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष बालाघाटातल्या जात्याला जसेच्या तसे चिकटवणे बरोबर होणार नाही. पण त्यांच्या प्रकाशात जात्याकडे पुन्हा पाहता येते. आपण एक एक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट म्हणजे घाट. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. पहिल्या ओळीला दुसरीचे यमक जुळवावे लागते, आणि तेही खुंटा फिरतो आहे त्या लयीत. सासूने टाकून बोलल्याचे दुःख मनात असले तरी ते जसेच्या तसे ओळीत बसत नाही. शब्द निवडावा लागतो, एखादी उपमा शोधावी लागते, काही गाळावे लागते. उगाळताना मन त्याच त्या वाक्याभोवती फिरते. ओवी रचताना ते पुढच्या ओळीकडे सरकते. जातेही गोलच फिरते खरे, पण दर फेऱ्याला पीठ पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. ओवीत बाई स्वतःविषयी बोलते, पण नेहमी ‘मी, मला’ असे नाही. ती कधी बहिणीला सांगते, कधी आईला, कधी माहेरच्या वाटेवरच्या झाडाला. कधी आपलेच नाव ओवीत गुंफून जणू दुसऱ्याच बाईची हकीकत सांगते. इथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांनी २००५ पासून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की दुःखद प्रसंगाकडे थोडे दूर उभे राहून, त्रयस्थासारखे पाहिले तर माणूस त्यात पुन्हा बुडत नाही, त्याचा अर्थ लावू शकतो. बायकांनी हे तंत्र पुस्तकातून घेतले नव्हते. ते त्यांना ओवीच्या वळणातच मिळाले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे ऐकणारा. पहाटेच्या अंधारात, घर झोपेत असताना, समोर जाते. कित्येक ओव्यांत जात्यालाच ईश्वर किंवा ऋषी म्हटले आहे आणि मन त्याच्याकडे उघडे केले आहे. जाते ऐकते पण चुगली करत नाही. अनेकदा खुंट्याला दुसरा हातही असे, जावेचा, नणंदेचा किंवा शेजारणीचा. तिलाही तेच भोगावे लागलेले असे. ती दुसरी ओवी जोडी आणि एकीचे दुःख दोघींचे होई.

चौथी गोष्ट म्हणजे वेळेचे बंधन. सुपातली ज्वारी संपली, शेवटची वैरण जात्यात घातली, की ओवीही थांबे. दुःखाला रोज ठरलेली जागा होती आणि ठरलेला शेवटही. त्यानंतर उजाडायचे आणि कामाला लागायचे.

घाट, अंतर, ऐकणारा आणि शेवट. या चार गोष्टी एकत्र आल्या की दुःख गिळण्याची सवय हळूहळू दुःख सांगण्याच्या सवयीत बदलते. कलेने सवय बदलते ती अशी. त्यात चमत्कार नाही, रोजचा सराव आहे.

गिरणी आली

विसाव्या शतकात पिठाची गिरणी खेडोपाडी पोचली. बायकांच्या खांद्यांवरचे मोठे ओझे उतरले. त्याविषयी हळहळण्याचे काहीच कारण नाही. पहाटे तीनला उठून दळणे हा कष्टच होता, आणि ज्या बायांनी तो उपसला त्यांनी गिरणीचे स्वागत केले. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. डब्यात ज्वारी घेऊन गिरणीवर जाता येते, पण तिथल्या आवाजात ओवी गाता येत नाही.

हे ओळखून काहींनी ओव्या जमवायला सुरुवात केली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंड काढले. १९८० च्या दशकात पुण्यातून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने ओव्या टिपायला घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण सुरू झाले. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या या कामातून जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. शाळेत संगणक असेल तर त्या मूळ आवाजात ऐकता येतात.

इथे एक आक्षेप घ्यावासा वाटेल, आणि तो रास्त आहे. ओवीने बायांना दुःख सोसायला मदत केली असेल, पण सोसायला लावणारी व्यवस्था तशीच राहिली ना? गाऊन मन हलके झाले की भांडायचे राहून जाते. मग ओवी ही गोड गुंगीच नव्हे काय?

याचे उत्तर धारूरच्या शेजारीच सापडते. धारूरचा घाट उतरून तेलगाववरून पुढे गेले की माजलगाव लागते. तिथल्या भीमनगर या वस्तीत १९९६ च्या एप्रिलमध्ये या मंडळींनी ध्वनिमुद्रण केले. दलित बायांनी तिथे गायिलेल्या ओव्या बाबासाहेब आंबेडकरांवर, रमाईवर आणि बुद्धाच्या धम्मावर होत्या. चाल जात्याचीच, दोन ओळींचा घाट तोच. पण जिथे पिढ्यानपिढ्या सोसण्याची हकीकत सांगितली जायची, तिथे आता अभिमान होता, कृतज्ञता होती, स्वतःच्या माणसाला नावाने हाक मारणे होते. ज्या घाटाने दुःख बोलायला शिकवले, त्याच घाटात मान ताठ करून बोलता आले. ज्याला आपले दुःख शब्दांत धरता येते, त्याला पुढे त्याचे कारणही शब्दांत धरता येण्याची शक्यता असते. गिळणाऱ्याला ती वाट बंद असते.

वर्गात काय करता येईल?

आता पुन्हा आपल्या मुलाकडे येऊ. त्याच्यासाठी जाते परत आणायचे नाही. जात्याने जे दिले ते देता येईल का, एवढेच पाहायचे.

एक सावधगिरी आधीच सांगायला हवी. उत्साहाच्या भरात आपण मुलांना म्हणतो, “तुझ्या मनातलं दुःख चित्रात काढ.” जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून २०१३ साली वेगळेच दाखवले. मुलांना आधी एखादा निराशेचा प्रसंग आठवायला सांगितला. मग काहींना तोच प्रसंग काढायला दिला, काहींना साधे घर. घर काढणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. तेव्हा सुरुवात दुःखापासून करू नये. माती, कागद, रंग, ठेका, गाणे यांत हात आणि मन रमणे हेच आधी पुरेसे आहे. ओवीतही प्रत्येक वेळी रडणे नव्हते. भाऊ होता, पाऊस होता, तान्हे बाळ होते.

त्यानंतर घाट द्यावा. “मोकळेपणाने लिही” असे सांगितले की मूल गोंधळते. “दोन ओळी, शेवट जुळला पाहिजे” असे सांगितले की ते कामाला लागते, आणि कामाच्या नादात जे यायचे ते आपोआप येते. स्वतःविषयीच लिहिण्याची सक्ती नको. बैलाविषयी, घाटातल्या एस. टी. विषयी, कोयत्याविषयी लिहिले तरी चालेल. त्या कोयत्यात आई असेलच.

ऐकणारा आपण व्हायचे. चूक काढायची नाही, गुण द्यायचे नाहीत. मुलाने परवानगी दिल्याशिवाय वर्गापुढे वाचायचे नाही. तासाला शेवट असावा, वह्या मिटाव्यात आणि पुढचे काम सुरू व्हावे. हे आठवड्यातून एकदा, पण नेमाने. एका दिवसाच्या ‘कला महोत्सवा’ने सवय बदलत नाही.

आणि आजीला शाळेत बोलवावे. धारूर भागात अशा आज्या अजून आहेत ज्यांच्या लहानपणी घरात जाते फिरत होते. त्यांना आठवतील त्या ओव्या मुलांनी उतरवून घ्याव्यात. आपल्या घरातल्या म्हातारीला दुःख बोलता येत होते, हे मुलाला कळणे ही लहान गोष्ट नाही.

एवढे करूनही काही मुलांना हे पुरणार नाही. मूल कित्येक आठवडे खात नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर वहीवर विसंबून राहू नये. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय धारूरपासून फार लांब नाही. तिथल्या मानसोपचार विभागाकडे मुलाला वेळेवर नेणे हेही शिक्षकाचेच काम आहे.

बाकीच्यांसाठी मात्र मार्च-एप्रिलपर्यंतचे महिने आपल्या हातात असतात. आईबापांची गाडी परत येईल, तेव्हा मुलाच्या वहीत दोन-दोन ओळींची चार पाने असली, तर त्या हिवाळ्यात त्याने सारेच गिळले नाही, असे आपण म्हणू शकू.